व्हिएतनाम सहकुटुंब: कोकणातून पहिल्यांदाच परदेशी निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोकणातल्या माणसाला व्हिएतनाम पहिल्या दृष्टीस परका वाटत नाही. नारळ, केळी, भातखाचरे, खाड्या, होड्या, मासळीबाजार आणि दुपारी अंगाला चिकटणारा सदरा हे सारे ओळखीचे असते, आणि फजितीचे मूळ नेमके या ओळखीतच असते. जिथे सगळेच अनोळखी असते तिथे माणूस विचारून पाऊल टाकतो. जिथे नारळ दिसतो तिथे तो बिनधास्त होतो.

सिंधुदुर्गातून आम्ही आई-बाबा, काका-काकू, भाऊ-वहिनी आणि पुतण्या अशा गोतावळ्यासह हनोई, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असा प्रवास केला. त्यात जे घोटाळे झाले त्यांतले बहुतेक घरबसल्या टाळता आले असते, म्हणून ते पुढे कामाच्या क्रमाने मांडले आहेत. कुटुंबातल्या मंडळींची नावे न घेण्याच्या अटीवर ही प्रकरणे लिहिण्याची परवानगी मिळाली आहे. काकांनी मात्र अजून ती दिलेली नाही.

१. महिना ठरवणे

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण लांबलचक देश असल्याने सगळीकडे एकच ऋतू नसतो. दक्षिणेत साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, तर दा नांग आणि होई आन या मधल्या किनाऱ्यावर सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या जुन्या गावात नदीचे पाणी शिरण्याचे प्रकार घडतात. आपल्याकडचा पाऊस संपला म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघालेला कोकणी माणूस अशा रीतीने दुसऱ्या पावसात जाऊन पडतो. त्या सुट्टीत जायचेच असेल तर मधला किनारा वगळून कार्यक्रम आखावा. हनोईत डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलीच थंडी पडते, त्यामुळे स्वेटर न्यावेत. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य या काळात तेत हे त्यांचे नववर्ष येते. तेव्हा अनेक दुकाने बंद असतात आणि गाड्या भरलेल्या असतात.

२. पासपोर्ट, ई-व्हिसा आणि नावांचा गुंता

व्हिएतनामला भारतीयांसाठी ई-व्हिसा मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदा प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५० डॉलर, आणि अर्ज फेटाळला गेला तरी ते परत मिळत नाही. लहान मुलांचाही स्वतंत्र अर्ज लागतो. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा असतो. त्याच्यासारखीच रंगरंगोटी केलेली खासगी स्थळे शोधात वर दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी पत्त्याचे शेपूट वाचावे.

खरा सापळा नावाचा आहे. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदरी रचना असते, आणि पासपोर्टवर ती ज्या क्रमाने छापली असेल त्याच क्रमाने अर्जात भरावी लागते. शंका आली तर पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतल्या वरच्या ओळीतले नाव प्रमाण मानावे. आमच्या वहिनीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, आणि तिकीट काढले भावाने प्रेमाने सासरच्या नावावर. ते दुरुस्त करून घेताना जे पैसे गेले त्यांत घरी गणपतीचे मखर झाले असते, असे आई अजूनही म्हणते. तिकीट, व्हिसा आणि हॉटेल या तिन्हींवर पासपोर्टवरचेच नाव हवे, मग पत्रिकेत काहीही छापलेले असो.

अर्जात प्रवेशाची तारीख द्यावी लागते आणि त्या तारखेआधी उतरता येत नाही. मध्येच कंबोडियातले ‘अंगकोर वाट’ हे मंदिर पाहून पुन्हा व्हिएतनामात यायचे असेल तर अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा घ्यावा. सहसा तीन कामकाजाच्या दिवसांत व्हिसा येतो असे सांगितले जाते. तरी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवलेले बरे.

बरोबर ठेवायची कागदपत्रे:

- प्रवेशाच्या तारखेपासून किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाचच वर्षांची असते, ती आधी तपासावी.
- ई-व्हिसाच्या प्रत्येकी दोन छापील प्रती. फोनवरची प्रत फोन बंद पडेपर्यंतच चालते.
- परतीचे तिकीट, हॉटेलांची आरक्षणे आणि प्रवास विमा.
- नेहमीच्या औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह.
- पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या छायाप्रती. तिथल्या हॉटेलांना पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे ते पासपोर्ट मागतात. नोंद झाल्यावर तो आठवणीने परत घ्यावा.

३. सामान: आगळ, खोबरे आणि आंबे

कोकणातून निघणाऱ्या पिशवीत काही वस्तू आपोआप शिरतात. कोकमाचे आगळ हे द्रवपदार्थात मोडते, त्यामुळे १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या सामानात चालत नाही. काकूची बाटली सुरक्षा तपासणीत बाजूला काढली गेली तेव्हा ‘हे पोटाला चांगले असते’ हा तिचा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला नाही. सुके खोबरे तर नेऊच नये, कारण त्यातल्या तेलामुळे विमान कंपन्या ते ज्वलनशील समजतात. ताज्या फळांना परदेशी नेताना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, म्हणून हापूसची पेटी घरीच ठेवावी. मेतकूट, भाजलेले पोहे, लाडू आणि शेंगदाण्याची चटणी नीट बंद केलेल्या पिशव्यांत मोठ्या सामानात न्यावी. विजेचा दाब जवळपास आपल्याइतकाच, २२० व्होल्ट असतो, पण तिथल्या भिंतीत दोन पिनांची जागा असते. फोनचा चार्जर बसतो, तीन पिनांची इस्त्री बसत नाही.

४. मुंबईपर्यंत पोहोचणे

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमाने आहेत. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून विमानाचे तिकीट आधी काढले असले तरी रेल्वेची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते, गाड्या सावकाश धावतात आणि एखादी दरड सगळा हिशेब चुकवते. त्या काळात विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. ठाण्याच्या आत्याकडे एक रात्र काढणे विमान चुकण्यापेक्षा स्वस्त असते.

५. पैसे आणि निळ्या नोटा

रुपये तिथे सहजी बदलून मिळत नाहीत. अमेरिकन डॉलर न्यावेत आणि बँकेत किंवा अधिकृत ठिकाणी डाँग हे तिथले चलन घ्यावे. पाच हजार डॉलरपेक्षा अधिक रक्कम असल्यास सीमाशुल्क विभागाला सांगावे लागते.

एका रुपयाला साधारण ३०० डाँग पडतात. पटकन हिशेब करण्याची रीत अशी की किमतीतली शेवटची तीन शून्ये खोडावीत, उरलेल्या आकड्याला तीनने गुणावे आणि उत्तराचा दहावा हिस्सा त्यात मिळवावा. म्हणजे ५,००,००० डाँगचे पाचशे, त्याचे पंधराशे, वर दीडशे, असे सुमारे १,६५० रुपये होतात. अनेक दुकानांत तीन शून्ये लिहीतच नाहीत. पाटीवर नुसते ५० असेल तर ते ५०,००० असते.

आता मुख्य धोका. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. दोन्हींवर हो ची मिन्ह यांचे चित्र, दोन्ही प्लॅस्टिकच्या गुळगुळीत. एक साधारण ६६ रुपयांची, दुसरी त्याच्या पंचवीसपट. होई आनला आईने शहाळेवालीला शहाळ्याचे पैसे म्हणून मोठी निळी नोट दिली आणि उरलेले राहू दे असा हात केला. ती बाई चपला हातात घेऊन आमच्या मागे धावत आली. आईला वाटले की शहाळ्याची मलई खायची राहिली म्हणून बोलावते आहे, आणि ती हसून नको नको म्हणत पुढे चालत राहिली. शेवटी त्या बाईने नोट आईच्या मुठीत कोंबली, स्वतःच्या कनवटीची छोटी नोट शेजारी धरली आणि शून्ये बोटाने मोजून दाखवली. संध्याकाळी बाबांनी पाच लाखांच्या जेवणाच्या बिलावर मोठ्या ऐटीत वीस हजारांची नोट ठेवली, तेव्हा वाढपी बराच वेळ नम्रपणे तिथेच उभा राहिला आणि बाबा त्याच्या शिष्टाचाराचे कौतुक करत राहिले.

उपाय सोपा आहे. ५,००,००० च्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात आणि ते पाकीट एकाच व्यक्तीकडे असावे. रंग पाहून पैसे देऊ नयेत. ओळख पटवायचीच असेल तर २०,००० च्या नोटेमागे होई आनचा छत असलेला जपानी पूल असतो.

६. पत्ता आणि गाडी

विमानतळावरून बाहेर पडण्यापूर्वी स्थानिक सिमकार्ड घ्यावे आणि ग्रॅब हे ॲप सुरू करून ठेवावे, कारण त्यात भाडे आधी दिसते आणि घासाघीस करावी लागत नाही. रोख पैसे देता येतात. चारापेक्षा जास्त माणसे असल्यास सात आसनांची गाडी निवडावी. चालक फोन करतो आणि त्याच्या भाषेत बोलतो. अशा वेळी ‘हो हो’ म्हणून फोन ठेवणे सर्वांत घातक असते, कारण तो कुठे उभा आहे हे त्याने सांगितलेले असते आणि तुम्ही ते मान्य केलेले असते. ॲपमध्येच संदेश लिहावा, त्याचा अनुवाद होतो.

पत्त्यांबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ले लोई, चान हुंग दाव, हाय बा चुंग अशा थोर व्यक्तींच्या नावांचे रस्ते जवळपास प्रत्येक शहरात असतात, त्यामुळे रस्त्याच्या नावापुढे शहर तपासावे. घर क्रमांकात तिरकी रेघ असेल तर पहिला आकडा गल्लीचा आणि दुसरा घराचा असतो. तिसरी गोष्ट अलीकडची आहे: १ जुलै २०२५ पासून तिथल्या ६३ प्रांत-शहरांची ३४ झाली आणि जिल्ह्यांचा स्तर रद्द झाला. होई आन आता दा नांग शहरात मोडते. जुन्या पुस्तिकांतले पत्ते नकाशावर जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. हॉटेलचे छापील कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे, मुलांच्याही.

वाहतूक उजव्या बाजूने असते, त्यामुळे गाडीतून मुलांना उजव्या दाराने उतरवावे. दुचाकींच्या पुरातून रस्ता ओलांडताना संथ, एकसारख्या चालीने जावे. धावणारा आणि मध्येच थबकणारा माणूसच चालकांना गोंधळात टाकतो. काकू सुरुवातीला हात वर करून धावत सुटे.

७. जेवण

मासे खाणाऱ्याला इथे उणे काही नाही, पण पाट्यांवरचे काही शब्द पाठ असावेत. ‘का’ म्हणजे मासा, ‘तोम’ म्हणजे कोळंबी, ‘मुक’ म्हणजे माकूल, ‘कुआ’ म्हणजे खेकडा, ‘गा’ म्हणजे कोंबडी. ‘बो’ म्हणजे गोमांस, आणि प्रसिद्ध फो या सूपचे पाणी बहुधा त्याच हाडांचे असते, वरून चिकन घातले तरी खात्री करावी. डुकराच्या मांसाला दक्षिणेत ‘हेओ’ आणि उत्तरेत ‘लन’ म्हणतात, त्यामुळे एकच शब्द पाठ करून भागत नाही.

समुद्रकाठच्या हॉटेलांत जिवंत मासे टाक्यांत ठेवलेले असतात आणि त्यांवरचा दर नगाचा नसून वजनाचा असतो, कधी किलोचा तर कधी १०० ग्रॅमचा. दा नांगला काकांनी मालवणच्या लिलावातल्या रुबाबात एका माशाकडे बोट दाखवले. पोराने तो जाळ्यात काढला, वजनकाट्यावर टाकला आणि आकडा दाखवला. काकांनी तो आकडा किंमत समजून मान डोलावली. तो मासा अडीच किलोहून अधिक भरला होता. सगळ्यांनी मिळून तो दोन बैठकांत संपवला, आणि काटे कसे काढावेत यावर काकांनी शेजारच्या टेबलाला खुणांनी एक व्याख्यानही दिले. तुम्ही मात्र मासा मारण्यापूर्वी एकूण रक्कम गणकयंत्रावर टंकून घ्यावी.

सोमवार-संकष्टी पाळणाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तिथल्या स्वयंपाकात ‘नुअक माम’ हा माशाचा अर्क मिठासारखा वापरतात. मांदेलीच्या जातकुळीतले छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून तो काढलेला असतो, आणि नाळीची भाजी लसूण घालून परतून दिली तरी तिच्यातही तो असू शकतो. ‘मांस नको’ एवढे सांगून उपयोग होत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मते त्यात मांस नसतेच. शाकाहारासाठी तिथे ‘चाय’ असा उच्चार होणारा शब्द आहे आणि ती पाटी लावलेल्या खाणावळींत बौद्ध परंपरेचे शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक स्थानिक लोक शाकाहार पाळतात, तेव्हा या खाणावळी गजबजलेल्या असतात. हनोईत सकाळी काकूने घरच्या सवयीने दोनदा ‘चाय’ मागितला आणि तिच्यापुढे दोनदा सोयाबीनचे खोटे मटण आले. मांस, मासे, माशाचा अर्क आणि अंडे नको असे एक वाक्य हॉटेलच्या स्वागतकक्षातून त्यांच्या भाषेत कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद दाखवावा. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी हनोईची अंड्याची कॉफी टाळावी. तिच्यात बलक फेटलेला असतो.

आता फणस. बाजारात जे हिरवे, काटेरी, फणसासारखे फळ दिसते ते ड्युरियन असू शकते. फणसाचे काटे बोथट आणि अंगाला चिकटून असतात; ड्युरियनचे काटे टोकदार, उभे आणि हाताला टोचणारे असतात. काकांनी ते लांबून पाहिले, ‘कापो दिसता’ असा निर्वाळा दिला, सोलून घेतले आणि डबा भरून पाठपिशवीत टाकला. हॉटेलच्या दारात त्या फळाच्या चित्रावर लाल काट मारलेली पाटी होती. काकांनी ती पाहिलीही, आणि फणस चोरू नये अशी ती सूचना असावी असा अर्थ लावला. उद्वाहनात आमच्याबरोबर चढलेल्या पाहुण्यांनी पहिल्याच मजल्यावर उतरणे पसंत केले. थोड्याच वेळात खोलीवर दोन कर्मचारी आले, त्यांनी एक शब्दही न बोलता हवेत नाक वर केले, आणि काका म्हणाले, “ह्यो काय आमचो फणस नाय रे!” डबा अंगणात बसून संपवावा लागला. चव उत्तम असते, हे काकांच्या बाजूने नमूद करतो. ते फळ खरेदीच्या जागीच खावे, खोलीवर नेल्यास दंड होऊ शकतो आणि विमानाच्या केबिनमध्ये ते चालत नाही.

८. बोलणे: अनुवादक ॲप, मान आणि दार

अनुवादाच्या ॲपमध्ये व्हिएतनामी भाषा घरूनच उतरवून घ्यावी, म्हणजे इंटरनेट नसताना ती चालते. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ दिसतो. बोलण्यापेक्षा लिहिणे बरे, कारण त्या भाषेत स्वराची चढउतार बदलली की शब्दच बदलतो आणि उत्तरेकडे असे सहा सूर आहेत. आपल्या उच्चाराची तारीफ झाली तरी अर्थ पोहोचला असे समजू नये. वाक्ये लहान असावीत. वेळ सांगताना पावणे, सव्वा, साडे असे शब्द ॲपला देऊ नयेत. बाबांनी गाडी ‘पावणेसहाला’ सांगितली. ती सहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी आली, आणि चालकाने फोनवर स्वतःचा आकडा दाखवला तेव्हा वाद मिटला. वेळ, तारीख आणि रक्कम नेहमी इंग्रजी आकड्यांत लिहून दाखवावी.

मान डोलावण्याची आपली पद्धत बाहेर फार दगा देते. ‘हा लाँग’ उपसागराच्या सहलीला येणार ना, असे स्वागतकक्षातल्या मुलीने आदल्या रात्री विचारले आणि बाबांनी आपल्या रीतीप्रमाणे मान दोन्हीकडे डोलावली. तिने ते नकार समजून आमची नावे खोडली. सकाळी सगळे कुटुंब टोप्या घालून, लाडूंचे डबे घेऊन बसले होते आणि बस दारात न थांबता पुढे निघून गेली. होकारासाठी मान खाली-वर करावी, नकारासाठी हात हलवावा आणि ठरलेली गोष्ट कागदावर लिहून घ्यावी.

स्वच्छतागृहाच्या दारावर चित्र नसेल तर अक्षरे मोजावीत: तीन अक्षरांचा शब्द पुरुषांसाठी असतो, दोन अक्षरांचा, ज्याच्या दुसऱ्या अक्षरावर नागमोडी चिन्ह असते, तो स्त्रियांसाठी. पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो, या बाबतीत निश्चिंत राहावे.

पोलिसांसाठी ११३, अग्निशमनासाठी ११४ आणि रुग्णवाहिकेसाठी ११५ हे क्रमांक आहेत. तिथे पलीकडून इंग्रजी बोलले जाईलच असे नाही, म्हणून तातडीच्या प्रसंगी आधी हॉटेलला फोन करून त्यांच्याकडून बोलवून घेणे सोयीचे ठरते.

९. परतीचा दिवस

उरलेले डाँग विमानतळावर सुरक्षा तपासणीपूर्वीच बदलून घ्यावेत. कुडाळ-कणकवलीत ते कोणी घेत नाही. ५,००,००० चे पाकीट ज्याच्याकडे होते त्यानेच हे काम करावे. घड्याळ दीड तास मागे घेतल्यावरच मुंबईहून सुटणाऱ्या गाडीची वेळ पाहावी, आणि विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान सहा तासांनी सुटणाऱ्या गाडीचेच आरक्षण केलेले असावे. सामानाच्या पट्ट्यावर सारख्याच काळ्या बॅगा येतात. आमच्या बॅगांना काकूने जास्वंदी रंगाच्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या आणि सगळ्या प्रवासात कोणत्याही भाषेत स्पष्टीकरण न लागलेली ती एकमेव व्यवस्था होती.